सात विहिरी, एक डीपी

नेकनूरच्या बाजाररस्त्याला शहादेव ओव्हाळचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. पाटीवर नाव शहादेवचं आहे, पण कुणी जळालेली मोटार आणून टाकली की तो आधी बायकोकडं बघतो. गीताबाई झाकण उघडते, आत नाक घालून वास घेते आणि निदान सांगते. पाण्यावाचून फिरली, एक फेज गेला होता, किंवा मालकाला अक्कल कमी आहे. तिसरं निदान ती तोंडानं बोलत नाही, पण मालकाला बरोबर कळतं.

गीता माहेरची तलवाड्याची. दहावीनंतर तिनं बीडच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा ट्रेड घेतला, तेव्हा तिच्या चुलत्यानं परस्पर शिवणक्लासची चौकशी करून ठेवली होती. वडिलांनी चुलत्याला चहा पाजून वाटेला लावलं आणि पोरीला एसटीचा पास काढून दिला. पुढं बघण्याच्या कार्यक्रमात शहादेवनं तिला पोहे सोडून स्टार-डेल्टा स्टार्टरबद्दल विचारलं. तिचं उत्तर ऐकून त्यानं तिथंच होकार दिला. आयुष्यात आपण केलेलं शहाणपणाचं काम ते एकच, असं तो सांगतो. गीताबाईचंही मत वेगळं नाही.

दोन्ही लेकरं शाळेला लागल्यावर तिच्या डोक्यात शिक्षणानं परत उचल खाल्ली. तिनं बीडला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला. वर्गातली पोरं तिला काकू म्हणायची आणि प्रॅक्टिकलला तिच्याच टेबलाभोवती गोळा व्हायची. मशीन, वायरिंग, स्विचगिअर या विषयांत तिला कसली अडचण आली नाही. अडलं ते एका विषयाशी, कंट्रोल सिस्टिमशी. फळ्यावर नुसते चौकोन आणि बाण काढलेले असायचे, आणि चौकोनांच्या पोटात इंग्रजी अक्षरं. जळालेल्या मोटारीला निदान वास तरी असतो, याला कसलाच वास नाही, असं ती घरी येऊन सांगायची.

विषय शिकवायला उत्तरेश्वर सर होते. ते मूळचे सिरसाळ्याचे, आवाज खालचा, एकच गोष्ट चार वेळा सांगायला न कंटाळणारे. गीताबाईनं त्यांचं सगळं लिहून घेतलं आणि पाठ केलं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, फीडबॅक म्हणजे काय? तिनं व्याख्या घडाघडा म्हटली. उदाहरण द्या म्हणाले, तर तिनं पुस्तकातला एसी सांगितला. मग त्यांनी सहज विचारलं की खोली गार झाली हे त्या एसीला कसं कळतं? गीताबाई जन्मात एसीच्या खोलीत बसली नव्हती. तिनं परत व्याख्याच म्हटली आणि नापास झाली.

निकालाच्या दिवशी ती पायऱ्यांवर बसून रडली. पस्तिशीला टेकलेल्या बाईनं कॉलेजच्या पायऱ्यांवर बसून रडायचं म्हणजे तिची तिलाच लाज वाटत होती. उत्तरेश्वर सर शेजारी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "पाठ तुमचं सगळंच आहे. आता ते एकदा कुठंतरी बघा." एवढं बोलून ते तासाला गेले. गीताबाईला वाटलं, बोलायला यांचं काय जातंय.

ती ज्या वाडीत नांदते ती नेकनूरपासून थोडी आत, डोंगराच्या पायथ्याला आहे. वाडीच्या वर एक पाझर तलाव आहे. बाहत्तरच्या दुष्काळात कामं निघाली तेव्हा वाडीनंच तो बांधला. त्याच्या मातीच्या पाट्या वाहिलेली माणसं आता थोडी उरलीत, आणि त्यात दगडाबाई आहे. तेव्हा ती नव्यानं नांदायला आलेली होती. ओली हळद घेऊन मी या बांधावर माती टाकली, असं ती आजही ऐकवते, आणि कुणी बांधावर म्हशी घातल्या की शिव्याही देते. त्या तलावाचा पाझर खाली सात विहिरींत उतरतो, त्यातली एक दगडाबाईची. विहिरीवाल्यांनी तेव्हाच मिळून पाणी सोसायटी काढली होती. तिचे चेअरमन हल्ली आबासाहेब आहेत, वाडीतले सगळ्यांत मोठे जमीनदार, बोलायला कमी आणि ऐकायला त्याहून कमी.

ज्या वर्षाची ही गोष्ट आहे, त्याच्या आदल्या दोन्ही वर्षी पावसानं तोंड फिरवलं होतं. तलावात मधोमध डबकं राहिलं होतं, पण सात विहिरींना थोडाथोडा पाझर होता. बाकी गावांची जनावरं चारा छावणीला निघाली. छावणी म्हणजे जनावराबरोबर माणसानंही माळावर उन्हातान्हात महिनेच्या महिने पडून राहायचं, घर बंद आणि लेकरांची शाळा बंद. वाडीच्या सोसायटीनं मीटिंग घेऊन ठरवलं की आपण छावणीला जायचं नाही. प्रत्येक विहिरीवर एक एकर मका करायची आणि तो चारा सगळ्या वाडीच्या जनावरांना वाटून घालायचा, विहीर असो नसो. असा ठराव एकमतानं होणं म्हणजे आमच्याकडं नवलच. पण झाला, आणि मका उगवलीही.

मग अडथळा आला तो डीपीचा.

साती विहिरींना डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, एकच. लाईट यायची कधीही, जायची कधीही, म्हणून प्रत्येकानं आपल्या स्टार्टरला ऑटो बसवलेला. ऑटो म्हणजे लाईट आली की मोटार आपोआप चालू होते, माणसानं धावत जायला नको. पाझर मात्र सगळ्यांचा एकच, तेव्हा ज्याची मोटार आधी सुरू होईल तो जास्त पाणी ओढणार, हे प्रत्येकाच्या मनात होतं. म्हणून कुणीच आपला ऑटो क्षणभरही उशिरा लावायला तयार नव्हता. लाईट आली की साती मोटारी एका दमात उठायच्या. सुरू होताना मोटार किती करंट ओढते हे गीताबाईला पाठ नव्हतं, तिनं ते बघितलेलं होतं. डीपीचा फ्यूज उडायचा. फ्यूज उडतो म्हणून आमच्या लोकांनी फ्यूजच्या जागी जाड तार घातली. जाड तार घातली की फ्यूज उडत नाही, डीपी उडतो.

आणि तो उडालाच. नवा येईपर्यंत मका माना टाकून उभी होती. नवा डीपी बसला त्या दिवशी आबासाहेब स्वतः दुकानात आले. हा जर गेला तर आता दुसरा मिळायचा नाही, आणि मका गेली की सगळी जनावरं छावणीत, एवढंच म्हणाले आणि गीताबाईकडं बघत राहिले. शहादेव मधेच म्हणाला की मोटारी जळल्या नाहीत तर आम्ही खायचं काय. गीताबाईनं त्याच्याकडं असं बघितलं की तो निमूट चहा सांगायला गेला.

तिला उपाय सुचला तो भीमजयंतीच्या लायटिंगवरून. दर एप्रिलला कमानीची लायटिंग तेच दोघं करतात. पळत्या माळेला एक चेसर लागतो. एक दिवा, मग दुसरा, मग तिसरा, असे तो लावत जातो आणि उजेड पळाल्यासारखा दिसतो. मोटारीही अशाच एकामागं एक उठवल्या तर? तिनं प्रत्येक स्टार्टरमध्ये टायमर घालायचं ठरवलं. पहिल्याला थोडा थांबा, दुसऱ्याला त्याहून जास्त, असं करत सातव्याला सगळ्यांत जास्त. डीपीवर एकदम भार यायचा प्रश्न मिटला.

प्रश्न फक्त माणसांचा होता, शेवटचं कोण होणार. गीताबाईची स्वतःची विहीर नाही, म्हणून तिच्यावर भरवसा ठेवायला कुणाला जड गेलं नाही. तिनं मारुतीच्या पारावर सगळ्यांसमोर चिठ्ठ्या काढल्या. पहिला नंबर आबासाहेबांचा निघाला. शेवटचा दगडाबाईचा. म्हातारी पदर झटकून उठली आणि म्हशीकडं गेली.

दुसऱ्या दिवशी लाईट आली. गीताबाई डीपीपाशी उभी होती. पहिली मोटार घुमली. मग दुसरी. मग तिसरी. डीपीचा एरवीचा तो गुरगुराट नाही, ठिणगी नाही. शहादेवनं टाळी वाजवली. त्या आठवड्यात वाडीत ज्यानं त्यानं तिचं कौतुक केलं, आबासाहेबांनी घरी बोलावून तिचा सत्कार केला, नारळ आणि टॉवेल दिला. बाईमाणसाला टॉवेल कावून, असं त्यांच्या कारभारणीनं विचारलं तेव्हा ते पहिल्यांदा हसले. गीताबाईला वाटलं, आता कंट्रोल सिस्टिम आपल्याला आली.

बरेच दिवस तिला तसंच वाटत राहिलं.

मग एका दुपारी दगडाबाई दुकानात आली. पायी चालत आली होती. तिनं काउंटरवर मक्याची पानं ठेवली, पिवळी, कडेनं करपलेली. मोटार बिघडली असेल म्हणून गीताबाई हत्यारांची पिशवी घेऊन तिच्याबरोबरच निघाली. मोटार ठणठणीत होती. टायमर ठणठणीत होता. विहिरीत पाणी होतं, इतर सहा विहिरींपेक्षा जास्तच होतं. गीताबाईला काही उमगेना. ती विहिरीच्या थारोळ्यावर, मोटारीचं पाणी पडतं त्या दगडी कुंडाच्या काठावर, बसून लाईटची वाट बघू लागली. दगडाबाई शेजारी बसली.

लाईट आली. खालच्या अंगाला आबासाहेबांची मोटार उठली, मग पुढची, मग त्यापुढची. टायमर मोजत होता. लाईट गेली. थोड्या वेळानं परत आली, आणि टायमरनं पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली. परत आबासाहेबांची उठली. परत लाईट गेली. असं तीनचारदा झालं. सातव्याचा थांबा सगळ्यांत मोठा, आणि तो संपेपर्यंत त्या दिवसांत लाईट टिकतच नव्हती. जिच्या मोटारीला काहीही झालं नव्हतं, तिची मोटार गेले कित्येक दिवस धड चालूच झाली नव्हती.

"आधी का नाही सांगितलं मावशी?" गीताबाईनं विचारलं.

"कावून सांगू? सगळ्यांम्होरं चिठ्ठी काढली, ती म्या मानली," दगडाबाई म्हणाली. "पर माय, मका चिठ्ठी मानत न्हाई."

गीताबाईला रडू आलं नाही, तिला संताप आला, आणि तो स्वतःचा आला. तिला कमानीवरची माळ आठवली. माळेतला एखादा दिवा गेला तरी चेसर आपला पळतच राहतो. तो पुढच्याला हुकूम देतो आणि मोकळा होतो, दिवा लागला का नाही हे मागं वळून विचारत नाही. तिनंही तेच केलं होतं. सात मोटारींना हुकूम दिला आणि टॉवेल घेऊन घरी गेली. उत्तरेश्वर सरांच्या फळ्यावरचा तो फीडबॅकचा शेवटचा बाण, हुकमाचं पुढं काय झालं हे सांगायला चौकोनातून निघून परत मागं येणारा, तो इतके दिवस तिला वहीतली नुसती रेघ वाटायचा. तो बाण आता तिच्या शेजारी थारोळ्यावर बसून पदरानं वारा घेत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिनं सोसायटीच्या सगळ्यांना तलावाच्या बांधावर बोलावलं. भाषण वगैरे केलं नाही, खाली बघा एवढंच म्हणाली. वरून साती एकर एका नजरेत येतात. आबासाहेबांची मका काळीभोर, दुसरी हिरवी, पुढची फिकट, त्यापुढची आणखी फिकट, असं करत शेवटी दगडाबाईचा एकर वाळक्या कडब्याच्या रंगाचा. चिठ्ठ्या ज्या क्रमानं निघाल्या होत्या त्याच क्रमानं रंग उतरत गेला होता. चूक माझी आहे, असं गीताबाईनं सगळ्यांसमोर सांगितलं. पुढं काय करायचं तेही सांगितलं. प्रत्येक मोटारीच्या स्टार्टरमधल्या कॉन्टॅक्टपासून एक तार एका पेटीत आणायची. मोटार खरंच किती चालली हे त्या तारेवरून पेटीला कळेल. टायमर काढायचे, मोटारी आता पेटीच एकेक करून उठवणार. लाईट आली की जी सगळ्यांत कमी चालली तिची पाळी आधी, जी सगळ्यांत जास्त चालली ती शेवटी.

कुणीतरी पुटपुटलं की मग चिठ्ठ्या काढल्या कशाला. ज्याची आधी निघाली त्याचं काय. हे म्हणणारे तिघेचौघे तरी होते, आणि सगळे तिरक्या नजरेनं आबासाहेबांकडं बघत होते. कारण पेटी बसली तर सगळ्यांच्या मागं जाणारी मोटार त्यांचीच. ते नाही म्हणाले असते तर विषय तिथंच संपला असता. गीताबाईच्या हातात काहीच नव्हतं.

आबासाहेबांनी खालचे साती एकर एकदा नजरेखालून घातले. मग त्यांनी दगडाबाईकडं बघितलं.

"हितली माती तुमी वाहिली," ते म्हणाले, "आन् पाणी मी ओढतूय." मग गीताबाईकडं वळून म्हणाले, "बसव पेटी. माझी शेवटाला लाव."

पेटी बसवणं बोलण्याइतकं सोपं नव्हतं. तारेसाठी सोसायटीच्या गोदामात पडलेली जुनी केबल निघाली. पेटीतली चिप उत्तरेश्वर सरांनी प्रयोगशाळेतून मिळवून दिली, पण तिच्यातला प्रोग्राम गीताबाईला त्यांनी तयार हातात दिला नाही. चुका करा आणि या, म्हणाले. ती करून गेली. लाईट गेली की पेटीला सगळ्याचाच विसर पडायचा आणि कोण किती चाललं हे परत शून्यावर यायचं. म्हणजे बिमारी तीच, फक्त नवीन पेटीत. शहादेवनं विचारलं की ही पेटी सोसायटीची आहे का सरकारची. गीताबाई हसली आणि परत एसटीत बसली. सरांनी एवढंच विचारलं की लाईट गेली तरी आपल्या घड्याळाला वेळ कशी आठवते. ती तशीच परतली, एक लहानसा सेल आणि आठवण धरून ठेवणारी चिप घेऊन.

या वेळी तिनं पेटी चालू करून सोडून दिली नाही. रोज दुपारी ती एकेका विहिरीवर जायची आणि विचारायची, चालली का, किती वेळ चालली, पेटी खोटं तर बोलत नाही ना. लोक वैतागले. आबासाहेबांची मोटार शेवटी सुरू व्हायची. तिचा आवाज येईपर्यंत ते बांधावर उभे राहायचे आणि त्यांच्या कपाळाला आठ्या असायच्या, पण शब्द त्यांनी मोडला नाही. दगडाबाईच्या एकरातली अर्धी मका गेली ती गेलीच. उरलेल्या अर्धीनं मात्र मान वर केली, आणि उन्हाळ्याच्या भरात सगळ्या वाडीला थोडाथोडा का होईना हिरवा चारा मिळत होता. वाडीचं एकही जनावर छावणीला गेलं नव्हतं. डीपी जागेवर होता, आणि त्याच्या फ्यूजमध्ये फ्यूजचीच तार होती.

अशात गीताबाईची तोंडी परीक्षा परत आली. परीक्षक वेगळे होते, प्रश्न तोच. तिनं व्याख्या म्हटलीच नाही, कागद ओढून घेतला आणि चौकोन काढले. एक पेटीचा, एक सात मोटारींचा, एक मक्याचा. मग मक्यापासून पेटीपर्यंत मागं येणारा बाण काढला. परीक्षकांनी त्या बाणावर बोट ठेवून विचारलं की इथं मोजणारं काय आहे. ती म्हणाली की आता स्टार्टरमधला कॉन्टॅक्ट आहे सर, पण आधी ही होती. आणि तिनं बाणाच्या वर लिहिलं, दगडाबाई.

परीक्षक आधी हसले. मग तिनं सगळं सांगितल्यावर हसायचे थांबले. त्यांनी विचारलं, "आणि हिनं येऊन सांगितलंच नसतं तर?"

"तर सिस्टिम चांगली चाललीय असंच वाटत राहिलं असतं, सर," गीताबाई म्हणाली. "मला वाटतच होतं."

नंतर त्यांनी गणितातलं एक विचारलं आणि ते तिला आलं नाही. येत नाही, असं तिनं सरळ सांगितलं. तरी निघताना त्यांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला, आणि दारातल्या उत्तरेश्वर सरांकडं बघून मान डोलावली.

नेकनूरला उतरून ती घरी न जाता तशीच वाडीच्या वर गेली. दगडाबाई थारोळ्यावर मक्याची ताटं कापत होती. गीताबाईनं तिला सांगितलं की मावशी, परीक्षेत तुमचं नाव लिहून आले. दगडाबाईनं विळा खाली ठेवला. माझं कावून, म्हणाली. गीताबाईनं मातीत काडीनं चौकोन काढून दाखवले, मोटारी दाखवल्या, मका दाखवली, आणि मागं येणारा बाण दाखवून म्हणाली की ह्या तुमी.

दगडाबाईनं त्या रेघेवरून बोट फिरवलं. शाळेचं तोंड तिनं कधी बघितलं नव्हतं. खाली लाईट आली, आणि शेजारी तिचीच मोटार सगळ्यांत आधी घुमायला लागली. तिकडं तिनं ढुंकूनही बघितलं नाही.

"मंग," तिनं विचारलं, "मी पास झाले का न्हाई?"